घटक ५ : संस्था, मूल्ये आणि अर्थशास्त्र – डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनचरित्र

५.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनातील अर्थशास्त्रज्ञाची बाजू स्पष्ट करता येईल;
• अर्थशास्त्र हे सामाजिक शास्त्र का मानले जाते, हे त्यांच्या कार्यातील उदाहरणांनी सांगता येईल;
• महाडचा सत्याग्रह व खोतीविरोधी चळवळ यांचा आर्थिक अर्थ समजावून देता येईल;
• त्यांच्या आर्थिक विचारांचे मूल्यमापन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात तुम्ही मागणी, पुरवठा, किंमत आणि वेतन या संकल्पनांचा अभ्यास केला. त्या अभ्यासात आपण काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला वस्तू विकत घेता येते, ज्याच्याजवळ कसब आहे त्याला त्या कसबाचा धंदा करता येतो आणि जो जमीन कसतो त्याला मोबदला मिळतो, अशी ती गृहीते होती. प्रत्यक्ष समाजात ही गृहीते नेहमी खरी ठरतात काय?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान देऊन हाच प्रश्न उपस्थित केला होता. युरोपात मांडलेले आर्थिक नियम तेथील समाजरचना गृहीत धरतात. जेथे जात, एकत्र कुटुंब व रूढी यांचा पगडा आहे, तेथे ते नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढील पिढीत हा विचार अधिक खोलवर नेणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. आंबेडकर. संविधानाचे शिल्पकार आणि समाजक्रांतीचे नेते म्हणून ते तुम्हाला परिचित आहेतच. त्यांच्या उच्च शिक्षणाचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, ही बाब मात्र बऱ्याचदा नजरेआड राहते.

त्यांचे चरित्र वाचताना एक भूभाग डोळ्यांसमोर ठेवा. रायगड जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, महाड-पोलादपूरचा हा परिसर आहे. खाली सावित्रीकाठी महाडची बाजारपेठ, वर सह्याद्रीच्या कुशीत कुडपणसारखी डोंगरी गावे. अशा गावांत भाताची खाचरे थोडी, उतारावरची वरकस जमीन अधिक. नाचणी-वरीचे पीक पावसाळ्यापुरते. उरलेल्या दिवसांसाठी घरातील कर्ता पुरुष मुंबईची वाट धरणार. या परिसरातील माणूस गरीब का राहतो, याचे उत्तर केवळ डोंगर आणि पाऊस यांत सापडते की माणसांनी केलेल्या नियमांतही? डॉ. आंबेडकरांच्या अर्थशास्त्राचा गाभा या प्रश्नात आहे.

५.२ जडणघडण

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. कुटुंबाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले.

साताऱ्याच्या वास्तव्यातील एक प्रसंग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावा. १९०१ च्या सुमारास भीमराव, त्यांचा भाऊ व भाचे नोकरीच्या गावी असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. पुढच्या प्रवासासाठी बैलगाड्या उपलब्ध होत्या, मुलांजवळ भाड्याचे पैसेही होते. परंतु मुले अस्पृश्य आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनी स्वतःच हाकावी, अशी तोड निघाली. येथे ग्राहक होता, विक्रेता होता, पैसाही होता. तरीही बाजार चालला नाही. तो चालला तेव्हा जातीच्या नियमाने सेवेची किंमत दुप्पट केली आणि सेवा मात्र अर्धीच दिली.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांचे अध्यापक होते. १९१५ मध्ये एम. ए. पदवीसाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था यांवर प्रबंध लिहिला. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. एकाच विद्यार्थ्याने एकाच काळात राज्याचा जमाखर्च आणि जातीची यंत्रणा या दोन्हींचा अभ्यास करावा, ही घटना पुढील आयुष्याची दिशा सांगणारी आहे.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाल्यावर या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. मसूरचा अनुभव वेगळ्या रूपाने पुन्हा समोर उभा राहिला.

आपली प्रगती तपासा – १
मसूर येथील प्रसंगात बाजारव्यवस्थेचे कोणते गृहीत खोटे ठरले? चार-पाच वाक्यांत लिहा.

५.३ लहान शेतांचा प्रश्न

१९१८ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. याच वर्षी भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

शेतांचे तुकडे फार झाले आहेत, वारसाहक्काने ते आणखी होतात, म्हणून ते एकत्र करावेत, असा त्या काळी सर्वसाधारण सूर होता. डॉ. आंबेडकरांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या शेताला बैल, अवजारे, भांडवल आणि मनुष्यबळ किती प्रमाणात मिळते, यावर ते ठरते. भांडवल अपुरे असेल तर मोठे शेतही तोट्याचे होईल. भारतातील खरी अडचण अशी की, शेतीवर जगणारी माणसे अधिक आणि त्यांना वर्षभर पुरेल असे काम कमी. ही रिकामी माणसे शेतीच्या उत्पन्नातून खातात, परंतु त्यात भर घालू शकत नाहीत. त्यामुळे शेतीचा आजार बरा करण्याचे औषध शेतीबाहेर, म्हणजे औद्योगिकीकरणात, शोधावे लागेल.

हा युक्तिवाद कुडपणसारख्या गावाला लावून पाहा. डोंगरउतारावरील चार तुकडे एकत्र केले, तरी उतार सपाट होत नाही आणि पावसाळ्यानंतरचे महिने कामाविना राहतात, ते राहतातच. मुंबईच्या गिरण्यांतून गावी आलेली मनिऑर्डर आणि शेतातील नाचणी यांचा एकत्रित हिशेब मांडल्याशिवाय अशा घराचे अर्थकारण समजत नाही.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणक्षेत्रांविषयीचे सरकारी विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. त्यांच्या दृष्टीने तुकडे जोडताना लहान शेतकऱ्याची जमीन जाऊन तो भूमिहीन होणार असेल, तर कागदावरील शेत मोठे होईल, पण माणूस लहान होईल.

५.४ रुपया आणि राज्याचा जमाखर्च

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एम. एस्सी. व नंतर डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

या ग्रंथात त्यांनी त्या काळच्या सुवर्ण विनिमय परिमाणावर टीका केली. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्या पद्धतीचे समर्थक होते. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप असा की, या पद्धतीत चलन किती काढावे हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहते आणि रुपयाची देशांतर्गत खरेदीशक्ती स्थिर राहत नाही. खरेदीशक्ती घसरली की महागाई वाढते. वेतन मात्र मागे रेंगाळते. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी रुपयाच्या दराचा वाद वर्गांच्या भाषेत समजावून दिला. स्वस्त रुपयाने देशाला लाभ होतो असे म्हटले जाते. वस्तुतः तो लाभ परदेशातून येत नाही. देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून तो दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो आणि त्याची किंमत मजूर मोजतो, असे त्यांनी दाखविले.

याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि पुढे १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली. परीक्षेत लिहिताना एक काळजी घ्या. डॉ. आंबेडकर हे आयोगापुढील एक महत्त्वाचे साक्षीदार होते. आयोगाचे सर्व निष्कर्ष त्यांचेच होते, असे मात्र लिहू नका.

१९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८३३ पासून केंद्राच्या हाती एकवटलेला महसूल १८७१ नंतर टप्प्याटप्प्याने प्रांतांकडे कसा आला, याचा तो इतिहास आहे. कर कोण बसवतो, खर्च कोण करतो आणि त्याचा जाब कोणाला देतो, हे प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतात. या कार्यासाठी कोलंबिया विद्यापीठाने १९२७ मध्ये त्यांना पीएच. डी. दिली.

५.५ महाडचे पाणी

१९२७ हेच महाडचेही वर्ष. सार्वजनिक निधीतून चालणारी पाणवठे, विहिरी, शाळा आदी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, परंतु प्रत्यक्षात तळ्यावर कोणी अस्पृश्य पाण्यासाठी जाऊ शकत नव्हता.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिच्या संयोजकांत होते. परिषदेस जमलेल्या लोकांसाठी गावातील स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. हा आकडा लक्षात ठेवा. तळे सार्वजनिक, पाणी निसर्गाचे. तरीही एका समूहाला ते फुकट आणि दुसऱ्याला विकत. ही चाळीस रुपयांची किंमत पाण्याच्या टंचाईने ठरवली नव्हती, ती रूढीने ठरवली होती. २० मार्च रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्यामागे हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तळ्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम असल्याने त्या वेळी सत्याग्रह स्थगित झाला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे ठरले.

मार्चच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी पाण्याबरोबरच पोटाचाही प्रश्न मांडला होता. मेलेल्या जनावरांचे मांस व शिळे तुकडे सोडा, मुलांना शिकवा, नोकऱ्यांत शिरा आणि पडीक जमिनी लागवडीस आणा, असा त्यांचा उपदेश होता. स्वाभिमान आणि उपजीविका या त्यांच्या लेखी एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

आपली प्रगती तपासा – २
सार्वजनिक वस्तू केवळ ठरावाने सर्वांची होत नाही, हे चवदार तळ्याच्या आधारे स्पष्ट करा.

५.६ वतन आणि खोती

महार वतन हे डॉ. आंबेडकरांनी हाती घेतलेले पुढचे काम. गावकामाच्या मोबदल्यात मिळालेली अल्पशी इनाम जमीन आणि बलुते यांच्या आशेवर हा समाज रात्री-अपरात्री सरकार व गावाच्या चाकरीला बांधलेला होता. १९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, परंतु ते मंजूर होऊ शकले नाही. जमीन हातात असूनही माणूस परतंत्र राहू शकतो, कारण प्रश्न जमिनीचा तसाच तिला जोडलेल्या अटींचाही असतो, हे वतनाच्या अभ्यासातून ध्यानात येते.

कोकणातील खोती ही याहून व्यापक संस्था होती. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागात खोत सरकारसाठी गावाचा सारा वसूल करीत असे. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये उभा असलेला हा मध्यस्थ कुळाकडून पिकाचा हिस्सा घेई आणि शिवाय वेठबिगारही घेई. कुळाने राब भाजून, चिखलणी करून पिकवलेल्या भाताचा वाटा खळ्यावरूनच उचलला जाई. अधिक पिकवले तर अधिक द्यावे लागते, अशा व्यवस्थेत जमिनीची सुधारणा करण्याची इच्छा कुळाला का व्हावी? उत्पादन कमी असण्याचे कारण आळस नव्हे, ते संस्थेच्या रचनेत आहे, हे येथे स्पष्ट होते.

कुलाबा जिल्ह्यातच अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यांना जमीन महसूल कायद्यानुसार कब्जेदाराचा दर्जा द्यावा, अशी त्यातील तरतूद होती. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. स्पृश्य कुणबी आणि अस्पृश्य महार एकाच मागणीसाठी एकत्र चालत होते, हे या मोर्चाचे वैशिष्ट्य.

विधेयक संमत झाले नाही. तथापि १९४९ च्या कायद्याने खोती आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली.

या काळातच, १९३६ मध्ये, जातिनिर्मूलनावरील ग्रंथात त्यांनी जातिव्यवस्थेचे आर्थिक विश्लेषण केले. जात ही कामाची विभागणी आहे, हे समर्थन त्यांनी नाकारले. जात काम करणाऱ्यांचीच विभागणी करते, त्यांना उच्चनीच पायऱ्यांवर बसवते आणि व्यक्तीची आवड व कुवत न पाहता जन्मावरून धंदा ठरवते. एका धंद्यात काम उरले नाही तरी दुसऱ्यात जाता येत नाही. म्हणून ती बेकारीचेही कारण होते.

५.७ मजूरमंत्री ते संविधान

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, असे सुचविले. ही व्यवस्था संविधानातच नमूद करावी, म्हणजे बदलत्या बहुमताच्या लहरीवर ती अवलंबून राहणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ही योजना स्वीकारली गेली नाही.

तरीही संविधानाची काही कलमे वाचताना या घटकातील प्रसंग आठवल्याखेरीज राहत नाहीत. कलम १५ मध्ये सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात जातीच्या कारणाने कोणालाही अटकाव करता येणार नाही, अशी तरतूद आहे. कलम २३ वेठबिगारीस मनाई करते. कलम २८० नुसार केंद्र व राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटपासाठी वित्त आयोग नेमला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकली, तर लोकशाहीच धोक्यात येईल. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

५.८ मूल्यमापन

डॉ. आंबेडकरांच्या आर्थिक विचारात एक विसंगती दिसते, असे काही अभ्यासकांना वाटते. १९२३ मध्ये ते चलनाच्या बाबतीत सरकारच्या हातात मोकळीक देण्यास विरोध करतात. १९४७ मध्ये तेच शेती व मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे करू पाहतात. या दोन भूमिकांचा मेळ कसा घालावा?

यासाठी त्यांच्या विरोधाचे लक्ष्य पाहावे लागते. चलन छापणारा अधिकारी, कुळाला राबवणारा खोत, वतनदाराला रात्री हाक मारणारा गावकारभार, पाणी नाकारणारी रूढी या सर्वांत एक समान धागा आहे. एका माणसाच्या जगण्यावर दुसऱ्याची अशी सत्ता की, जिचा जाब विचारता येत नाही. जेथे सरकार बेजबाबदार होते, तेथे त्यांनी सरकारला नियमाने बांधले. जेथे खाजगी मालक बेजबाबदार होता, तेथे सरकारला पुढे आणले आणि त्यालाही संविधानाने बांधू पाहिले. साधने बदलली, मूल्य मात्र तेच राहिले.

त्यांच्या सर्वच उपायांशी सहमत होणे आवश्यक नाही. सुवर्णावर आधारलेले चलन जगाने पुढे सोडून दिले. शेतीच्या संपूर्ण राष्ट्रीयीकरणाने इतर देशांत नवे प्रश्नही निर्माण केले. परंतु किंमत, वेतन व मालकी या गोष्टी पावसासारख्या आभाळातून पडत नाहीत, त्या माणसांनी घडविलेल्या संस्थांतून येतात आणि म्हणून माणसांना त्या बदलता येतात, ही त्यांची दृष्टी आजही उपयुक्त आहे.

५.९ सारांश

या घटकात आपण डॉ. आंबेडकरांच्या जीवनातील आर्थिक चिंतनाचा परिचय करून घेतला. मसूर व बडोदा येथील अनुभवांतून बाजारावरील जातीचे नियंत्रण दिसले. लहान शेतांवरील लेखात शेतीचा प्रश्न भांडवल व रोजगार यांच्याशी जोडला गेला. रुपयावरील ग्रंथाने चलनधोरणाचा भार कोणावर पडतो, हे दाखविले. महाडच्या तळ्याने सार्वजनिक मालकी व प्रत्यक्ष वापर यांतील अंतर उघड केले, तर वतन व खोती यांविरुद्धच्या कार्याने जमिनीमागील सत्तासंबंध स्पष्ट केले.

शब्दार्थ

संस्था : समाजातील वर्तनाचे स्थिर झालेले नियम व रचना, उदा. जात, वतन, कायदा, बाजार.
खोत : कोकणात सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा हक्कदार.
वरकस जमीन : डोंगरउतारावरील, नाचणी-वरीसारख्या पिकांची हलकी जमीन.
राब : पेरणीपूर्वी पालापाचोळा व शेण पसरून भाजलेली रोपांची जागा.
वेठबिगार : मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेले काम.

स्वाध्याय

१. अर्थशास्त्र हे सामाजिक शास्त्र आहे, हे विधान डॉ. आंबेडकरांच्या कार्याच्या आधारे स्पष्ट करा.
२. लहान धारणक्षेत्रांविषयीचे त्यांचे विचार सांगून डोंगरी भागातील शेतीला ते कितपत लागू पडतात, याची चर्चा करा.
३. टिपा लिहा : (अ) खोती निर्मूलन विधेयक (आ) चाळीस रुपयांचे पाणी (इ) महार वतन.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील एखादा जुना पाणवठा, गावठाणाबाहेरील गायरान किंवा सामाईक जमीन निवडा. तिची मालकी कागदोपत्री कोणाची आहे, तिचा वापर पूर्वी कोण करीत असे आणि आज कोण करते, याची माहिती तलाठी कार्यालयातील नोंदी व गावातील वयोवृद्ध स्त्री-पुरुष यांच्याकडून मिळवा. मालकी आणि वापर यांत अंतर आढळल्यास त्याची कारणे दोन पृष्ठांत लिहा. माहिती विचारताना स्त्रियांना अवश्य भेटा. पाणी कोठून आणावे लागत असे, हे त्यांनाच सर्वांत अधिक ठाऊक असते.